अण्णांच्या कुंडीला अंधार हवा होता

आमच्या ड्रॉइंग ऑफिसातली माणसं आता कुठे कुठे पांगली आहेत. कुणी मुलाकडे राहायला गेलं, कुणी देवाघरी, साठे अर्थातच पुण्याला. पण बंगलोरात एखाद्या लग्नाला आमच्यातले दोघं जरी समोरासमोर आले, तरी पंगतीत भात वाढून होईपर्यंत एकजण म्हणतोच, "लीलाक्का, ती कुंडी आठवते का हो?" मग भात गार होतो, भातावरचं सारू गार होतं, वाढपी दोनदा येऊन परत जातो. किस्से काही आपण मुद्दाम साठवत नाही. जिन्याखाली जुनं सामान जमतं तसे ते जमतात, आणि एक ओढायला गेलं की चार अंगावर येतात.

तर आधी माणसं सांगते. मी तिथे ट्रेसर होते. इंजिनियरांनी काढलेल्या नकाशावर मेणाचं पातळ कापड पसरायचं आणि तोच नकाशा शाईने गिरवायचा, हे माझं काम. बेळगावहून आले होते. ऑफिसात बायका दोनच, मी आणि टायपिस्ट मिस रोझारियो. हेड ड्राफ्ट्समन वेंकोबाराव, म्हणजे आमचे अण्णा. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत मधूनच कानडी डोकावायची. आणि तिसरे साठे. ते पुण्याहून बदलून आले होते आणि पुढची बारा वर्षं रोज सकाळी पुण्याहून नुकतेच आल्यासारखे बोलत होते.

आमच्यात नातंगोतं नव्हतं, देणंघेणं नव्हतं. आम्हाला एकत्र बांधलं ते एका झाडाने. त्याला धड पानं नाहीत, धड काटे नाहीत, आणि अकरा महिने त्याच्याकडे बघावं असंही काही नाही.

*

मिस रोझारियो म्हाताऱ्या आईला घेऊन ऑस्ट्रेलियाला जायला निघाली, ते वर्ष. तिच्या फ्रेझर टाउनच्या घराच्या व्हरांड्यात आजीच्या वेळची एक कुंडी होती. ख्रिसमस कॅक्टस. चपटी हिरवी पेरं, एकाला एक जोडलेली, खाली लोंबणारी. ऐन नाताळात प्रत्येक टोकाला एक गुलाबी फूल लटकायचं. आम्ही तिच्याकडे केक खायला जायचो तेव्हा अण्णा केक हातात धरून त्या कुंडीपुढे उभे असायचे. केक तसाच राहायचा.

जायच्या महिनाभर आधी तिने तीन-तीन पेरांचे तीन तुकडे पिरगाळून काढले आणि सरकारी खाकी पाकिटांत घालून आम्हा तिघांना दिले. सूचना दिल्या. "दोन दिवस असेच ठेवा. जखम वाळली की मग मातीत लावा. ऊन नको, पाणी बेताने. आणि फूल आलं की मला पत्र टाका."

साठ्यांनी त्याच संध्याकाळी लावला. "जखम वाळायला हा काय गुडघा आहे?" असं म्हणाले. चौथ्या दिवशी तो कुजला.

मिसने त्यांना दुसरा तुकडा दिला. या वेळी साठ्यांनी शास्त्रीय विचार केला. कॅक्टस म्हणजे वाळवंट. वाळवंट म्हणजे ऊन. त्यांनी कुंडी गच्चीवर नेऊन ठेवली आणि पाणी तोडलं. एप्रिल महिना होता. हे झाड मुळात दाट जंगलात, मोठ्या झाडांच्या फांद्यांवर सावलीत वाढतं, असं मिसने चारदा सांगितलं होतं. पण साठ्यांचा नियम असा, की जे स्वतःला माहीत नाही ते दुसऱ्यालाही माहीत नसणार.

जायच्या आठवड्यात मिस निरोप घ्यायला साठ्यांकडे गेली. गच्चीवर कुंडीत डोकावली आणि हळू आवाजात म्हणाली, "कोण होतं हे?"

तिसरा तुकडा तिने साठ्यांच्या बायकोच्या हातात दिला.

*

अण्णांनी मात्र दोन दिवस अक्षरशः पाळले. पाकीट टेबलावर, शेजारी घड्याळ. लावायच्या आधी त्यांनी तुकड्याचा नकाशा काढला. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन. पूर्ण मापाचा.

घरी सरसक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, दारातच उभ्या राहिल्या. "हे काय आणलंत?"

"निवडुंग. पण याला काटे नसतात."

"काटे नाहीत तर निवडुंग कसला? आणि निवडुंग असेल तर घरात कशाला?"

कुंडी घरात आली.

त्यांचं घर मल्लेश्वरमला, भाड्याचं. पुढची एक खोली, मधे कोंदट माजघर, मागे स्वयंपाकघर. माजघरात दिवसाही उजेड नाही, स्वयंपाकघरात चुलीचा धूर, मागच्या अंगणात शेजाऱ्यांची म्हैस. म्हणून पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या स्टुलावर कुंडीची जागा ठरली. त्या दिवसापासून दर रविवारी अण्णा तिचा नवा नकाशा काढू लागले. आणि आमच्या धंद्यातली रीत अशी, की जे उभं आहे ते काळ्या शाईने, आणि जे व्हायचं आहे ते लाल तुटक रेषेने. अण्णांच्या नकाशात पेरं काळी. टोकाला लाल तुटक रेषेत एक फूल, आणि बाजूला बाण काढून लिहिलेलं, 'प्रस्तावित'.

तिसऱ्या वर्षी साठ्यांनी तो नकाशा बघितला. "अण्णा, हे काम कधी मंजूर व्हायचं?"

अण्णा म्हणाले, "वरून यायला पाहिजे."

*

माझी कुंडी मी ऑफिसातच ठेवली होती. मी राहत होते त्या बायकांच्या वसतिगृहात झाडं लावायला बंदी होती, कारण एकीच्या तुळशीत दुसरीने चहाचा चोथा टाकला होता आणि प्रकरण झिंज्यांपर्यंत गेलं होतं. ड्रॉइंग ऑफिसला उत्तरेच्या मोठ्या खिडक्या. दिवसभर मऊ उजेड, ऊन अजिबात नाही. मी आठवड्यातून एकदा पाणी घालायचे, तेही आठवलं तर.

दुसऱ्याच डिसेंबरात तिला अकरा फुलं आली.

अण्णा रोज सकाळी माझ्या खिडकीपाशी येऊन उभे राहायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांनी चार वेळा माती बदललेली, कोळशाची पूड घातलेली, पावसाचं पाणी धरून ठेवून पाजलेलं, आणि फूल आलं ते मला, जिला पाणी घालायची आठवणसुद्धा राहत नाही.

शेवटी मीच मिसला पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं. तिथले ऋतू उलटे असल्याने तिची कुंडी जूनमध्ये फुलते, म्हणून पाद्री तिला चिडवतो, वगैरे लिहून पुढे मुद्दा होता. या झाडाला फुलायला लांब रात्र लागते. दसऱ्यापासून पुढे सहा आठवडे संध्याकाळी सहा ते सकाळी सहा अंधार हवा. विजेचा दिवा लावला की झाडाला वाटतं अजून दिवसच आहे, आणि ते कळ्या धरत नाही. एकदा कळी दिसली की मग दिव्याचं एवढं नाही, पण हलवू नका, फिरवू नका, धक्का लावू नका.

साठ्यांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "बरोबर आहे. साडेपाचनंतर या ऑफिसात कुणी नसतं. आणि त्याआधीही आपण इथे फारसा उजेड पाडत नाही."

*

आमच्या मोठ्या साहेबांना माझी कुंडी दिसली ती त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा कुंडीवर नुसत्या कळ्या होत्या, पंचवीस-तीस. दिल्लीहून कुणी बडी मंडळी पाहणीला येणार होती. साहेब म्हणाले, "ही माझ्या टेबलावर पाठवा."

अण्णा अदबीने म्हणाले, "सर, कळ्या असताना हलवू नये असं आहे."

"असं कुठे लिहिलंय?"

अण्णांनी सांगितलं की मिस रोझारियोच्या पत्रात. साहेबांना टायपिस्टचं पत्र हा नियम म्हणून मान्य होणं शक्य नव्हतं. दोन शिपायांनी कुंडी उचलून जिन्याने वर नेली. साहेबांच्या टेबलावर तिला आधी डावीकडे ठेवली, मग उजवीकडे, मग शाईच्या दौतीमागे. वर पंखा चालू होता. दिल्लीची मंडळी तिसऱ्या दिवशी आली तोवर सगळ्या कळ्या टेबलावर गळून पडल्या होत्या. पाहुण्यांपैकी एकाने त्या बडीशेप समजून उचलल्या, असं साहेबांचा शिपाई शपथेवर सांगायचा.

मग खाली मेमो आला. 'कळ्या गळण्याची कारणे तीन दिवसांत कळवावीत.'

अण्णांनी उत्तर लिहिलं. ते इंग्रजीत होतं, पण मराठीत साधारण असं होईल: 'सदर झाडाची बदली ऐन हंगामात, त्याला न विचारता, वरच्या मजल्यावर करण्यात आली. बढती मानवली नाही.'

साहेबांनी त्यावर काय शेरा मारला ते कळलं नाही. कुंडी मात्र परत आली, आणि अण्णांनी तिच्यावर आणि खिडकीच्या कट्ट्यावर पेन्सिलीने एकेक खूण केली. नकाशावर उत्तर दिशेचा बाण असतो ना, तसा. दोन बाण जुळलेले असले म्हणजे कुंडी जागच्या जागी आहे. घरच्या स्टुलावरही त्यांनी तसाच बाण काढला, आणि तिथून पुढे त्यांच्या घरात केर काढणाऱ्या माणसालाही उत्तर दिशा ठाऊक झाली.

*

साठ्यांना अंधाराची गोष्ट कळल्यावर त्यांनी ती मनावर घेतली. घरात दिवे बंद ठेवायला बायको तयार नव्हती. "मला जेवण चाचपून वाढायचं नाहीये," असं तिने स्वच्छ सांगितलं. तेव्हा साठ्यांनी कुंडीला भरपूर पाणी घातलं, ती लाकडी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. रोज सकाळी बाहेर काढायची, संध्याकाळी आत. तीन दिवस सगळं नेमाने चाललं. चौथ्या दिवशी दिवाळीसाठी सहकुटुंब पुण्याला जायची गाडी होती आणि कुंडी आत राहिली.

साठ्यांची बायको स्टेशनवर पोचल्यावर म्हणाली, "माझी पैठणी कुठे आहे?"

पैठणी त्याच कपाटात होती. पैठणी, दोन शालू, आणि सासऱ्यांनी दिलेला शेला. साठे म्हणाले, "पुण्यात सगळं मिळतं." त्या दिवाळीत त्यांची बायको नणंदेचं लुगडं नेसून पाटावर बसली, आणि ते नणंदेने सगळ्यांना सांगितलं.

महिन्याने परत आल्यावर कपाट उघडलं. झाड जिवंत होतं, पण रंगाने सोललेल्या काकडीसारखं. आणि कुंडीतल्या ओलीने पैठणीवर छान दाट पांढरी बुरशी धरली होती.

नाताळात आम्ही त्यांच्याकडे गेलो. मी भाबडेपणाने विचारलं, "वहिनी, फूल आलं का?"

"फूल नाही आलं," त्या म्हणाल्या. "बाकी जे यायचं ते सगळं पैठणीवर आलं."

*

मग एका वर्षी लढाई झाली. सरहद्द आमच्यापासून किती लांब, पण अण्णांच्या वस्तीत, म्हणजे मल्लेश्वरम एक्स्टेन्शनमध्ये, एक निवृत्त मामलेदार होते, त्यांना नेमका अंदाज होता की शत्रूचं विमान हेब्बाळच्या तळ्यावरून वळून मल्लेश्वरमवरच येणार. सरकारने सांगितलं नव्हतं तरी त्यांनी कमिटी नेमली आणि संध्याकाळी सहानंतर सगळ्या घरांचे दिवे बंद करायला लावले. हातात काठी, गळ्यात शिट्टी. ज्या घरातून कवडसा दिसेल त्या घरापुढे शिट्टी.

लोक वैतागले. अण्णांचा चेहरा मात्र इतका उजळला होता, की शिट्टी वाजायला हवी होती. ऐन मोसमात, घरचा दारचा सगळा दिवा बंद, आणि तोही देशासाठी. सरसक्का काही बोलू शकत नव्हत्या. अण्णा कमिटीत शिरले. मामलेदारांच्या आधी गल्लीत फिरू लागले.

सोळा दिवसांत लढाई थांबली. कमिटी बरखास्त झाली. दिवे लागले, लोकांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी अण्णा मामलेदारांकडे गेले. मी तिथे ऑफिसातल्या एका कुंडीसाठी फुलांचं बी मागायला गेले होते, म्हणून स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"राव, अजून स्वल्प तीनेक आठवडे चालू ठेवलं तर?"

"अहो, पण लढाई संपली."

अण्णा गंभीरपणे म्हणाले, "शत्रूचं काय सांगता येतं?"

*

आता कुणी म्हणेल, हा माणूस एवढा वेडा होता तर स्वतःच्या घरात सहा आठवडे दिवा बंद ठेवणं त्याला का जमू नये? आम्हीही तेच म्हणायचो. साठे तर तोंडावर म्हणायचे. कुंडी आत न्यावी तर माजघरात संध्याकाळी दिवा लागायचाच, आणि टोपली झाकून झाली होती. शेजारचं मांजर त्या टोपलीवर चढून झोपलं आणि टोपलीसकट दोन फांद्या मोडल्या. अण्णा हसायचे, विषय बदलायचे. खरं कारण मला सरसक्कांनी एकदा सांगितलं.

अण्णांना एकुलती एक मुलगी. इंदू. माध्यमिक शाळेत गणित शिकवायची. शांत, पण डोळ्यांत मिस्कीलपणा. आणि डोळ्यांवर चष्मा. दसरा झाला की स्थळं यायला लागायची आणि ती यायची संध्याकाळी, कारण मुलाकडचे पुरुष दिवसा कामावर. पुढच्या खोलीत सतरंजी, मधोमध शंभराचा बल्ब, बल्बाखाली इंदू. मंडळी पोहे खायची, चष्म्याकडे बघायची आणि चार दिवसांनी पोस्टकार्ड यायचं की पत्रिका जुळत नाही. इंदू एकोणिसाची होती तेव्हापासून हे चालू होतं. आता ती सत्ताविसाची झाली होती. म्हणजे दरवर्षी ज्या सहा आठवड्यांत झाडाला अंधार हवा, नेमक्या त्याच सहा आठवड्यांत त्या खोलीत दिवा लागत होता.

आम्ही त्या माणसाची नाही नाही ती थट्टा केली होती. आणि कुंडीची सगळी निगा खरं तर इंदूच राखायची. अण्णा नकाशा काढायचे, पेरं मोजून सांगायची ती.

पुढच्या मार्चमध्ये अण्णा निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांना दोनच गोष्टी बघायच्या होत्या, इंदूचं लग्न आणि एक फूल. त्या वर्षी त्यांनी दोन्हींची सांगड घातली. स्थळांना लिहिलं, की मुलगी बघायला अवश्य या, पण दुपारी चारला. काहींनी उत्तर दिलं नाही. एकाने विचारलं, मुलीला संध्याकाळी काही होतं का?

पण पाच आठवडे खोलीत अंधार राहिला. आणि एका रविवारी इंदूने मोजता मोजता हात थांबवला. तीन पेरांच्या टोकाला लालसर काहीतरी होतं. मोहरीएवढं. सोमवारी अण्णा ऑफिसात आले ते माझ्या खिडकीपाशी न थांबता थेट आपल्या जागेवर जाऊन बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "लीलाक्का, तीन."

मला रडायलाच आलं.

*

त्याच आठवड्यात हुबळीचं स्थळ आलं. मुलगा बँकेत. अण्णांनी चारची वेळ दिली होती, पण यशवंतपूरला गाडीच दोन तास उशिरा आली. मंडळी घरी पोचली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. मुलगा, त्याचे मामा आणि आत्या. मला सरसक्कांनी मदतीला बोलावलं होतं, साठे न बोलावता आले होते. खोलीत अंधार. बाहेरच्या रस्त्यावरच्या दिव्याचा थोडा उजेड दाराशी तेवढा.

मामा उंबऱ्यातच थांबले. "घरी कुणी नाही का?"

अण्णा म्हणाले, "या, या. आहोत."

"मग दिवा?"

साठे माझ्या कानात म्हणाले, "कुंडीवर बादली उपडी घालू का?" सरसक्कांनी ते ऐकलं. "पाहुण्यांसमोर बादली? खाली काय आहे विचारलं तर काय सांगू?"

कळी दिसल्यावर दिव्याचं एवढं नसतं, हे मिसने लिहिलेलं अण्णांना पाठ होतं. पण इतक्या वर्षांनी आलेल्या तीन कळ्या होत्या. त्यांच्यावर पत्राची परीक्षा कोण बघणार? अण्णांनी एकदा स्टुलाकडे पाहिलं. मग माजघराच्या दाराकडे पाहिलं, तिथे इंदू साडी नेसून उभी होती. आणि त्यांनी बटण दाबलं. मी त्या माणसाला बरीच वर्षं ओळखत होते, पण त्या क्षणी वाटले तेवढे मोठे मला ते कधी वाटले नव्हते.

बल्बाखाली इंदू येऊन बसली. मुलगा चकल्या खात होता. त्याच्या वतीने मामा बोलत होते आणि मामांच्या वतीने आत्या बघत होत्या.

"चष्मा काढ बघू."

इंदूने काढला.

"इकडे तोंड कर. आता दिव्याकडे. आता स्वल्प त्या बाजूला."

ती वळत राहिली. मी अण्णांकडे बघितलं. ते कुंडीकडे बघत नव्हते, इंदूकडे बघत होते, आणि त्यांची मूठ गुडघ्यावर आवळलेली होती.

मामा म्हणाले, "शाळा सोडावी लागेल. आमच्यात बायका नोकरी करत नाहीत." मग वय विचारलं. सांगितल्यावर, "हं," म्हणाले. आत्यांची नजर खिडकीशी गेली. "हे काय लावलंय? फूल नाही, काही नाही. मग जागा अडवून ठेवलंय कशाला?"

साठ्यांनी हातातली चकली ताटलीत परत ठेवली.

आत्यांनी पुन्हा इंदूला न्याहाळलं, मान तिरकी केली आणि सरसक्कांना म्हणाल्या, "अजून एखादा दिवा नाही का घरात? एका दिव्यात रंग नीट कळत नाही."

सरसक्का बिचाऱ्या लगबगीने उठल्या. शेजाऱ्यांकडे टेबल-लॅम्प होता. त्या दाराशी पोचल्या तोच इंदूने मांडीवरचा चष्मा उचलला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून शांतपणे म्हणाली, "अण्णा, सव्वासात झाले."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग, "सरी, ठीक आहे," म्हणाले, उठले, आणि त्यांनी दिवा बंद केला.

पुन्हा अंधार. चकली मोडल्याचा आवाज आला आणि थांबला.

"अहो, हे काय?" मामा म्हणाले. "फ्यूज गेला का?"

"नाही," अण्णा म्हणाले. "या दिवसांत सहानंतर आम्ही दिवा लावत नाही."

बराच वेळ नुसती सतरंजीवर चुळबूळ ऐकू आली. कुणीतरी उठलं, कुणाच्या तरी पायाला ताटली लागली. मग आत्यांचा आवाज आला, आता बराच लहान झालेला. "आमच्या चपला कुठे आहेत?"

"दाराबाहेर, उजव्या हाताला," अण्णा म्हणाले. "सावकाश जा. खिडकीकडून नका जाऊ, कुंडीला धक्का लागेल."